गोळीबरोबरचा घास

औषधाच्या पाकिटावर औषधविक्रेता पेनने एक शब्द लिहून देतो: 'जेवणाआधी' किंवा 'जेवणानंतर'. हा शब्द आपण आयुष्यात शेकडो वेळा वाचलेला असतो आणि त्यावर विचार करण्याचे आपल्याला कधी कारण पडलेले नसते. जेवण ही घरातली नित्याची गोष्ट. औषध हा चार दिवसांचा पाहुणा. नित्याच्या गोष्टीच्या आधाराने पाहुण्याची सोय लावायची आणि तो गेला की विसरून जायचे. परंतु ज्या माणसाच्या घरी औषध हेच नित्याचे झाले आहे आणि जेवण मात्र घड्याळ पाहून, मोजून, प्रसंगी मनाविरुद्ध करावे लागते, त्याने तो शब्द कसा वाचावा?

आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीमुळे हा प्रश्न आमच्यापुढे आला. वजन कमी करण्यासाठी तिच्यावर जठराची शस्त्रक्रिया झाली, त्याला आता दीड वर्ष होत आले. रविवारी सकाळच्या मिस्साला ती न चुकता येते. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी तिच्या बाकावरची सारी माणसे उठतात आणि ती गुडघे आखडून त्यांना वाट करून देते. स्वतः जात नाही. हे आम्ही काही महिने पाहत होतो आणि, खरे सांगायचे तर, मनाशी नाना तर्क करीत होतो. अखेर एकदा मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही तिला विचारलेच. ती म्हणाली, "काका, माझा एक तासाचा उपवास होतच नाही. मिस्साला निघेपर्यंत माझं खाणं चाललेलं असतं."

मग तिने आपली सकाळ आम्हांला सांगितली. सहा वाजता थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी. त्यानंतर तासभर दुसरे काही नाही. सात वाजता खाणे. खाणे म्हणजे लहानशा वाटीत मावेल एवढे: उकडलेले अंडे, नाहीतर घट्ट दही, नाहीतर मऊ शिजवलेली डाळ. तेवढे संपवायला तिला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, कारण प्रत्येक घास चावून चावून अगदी मऊ केल्याशिवाय गिळता येत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी त्या खाण्याबरोबरच घ्यायची, नाहीतर मळमळते. खाताना पाणी प्यायचे नाही. गोळीपुरता एक घोट, बाकीचे पाणी अर्ध्या तासाने. साडेसातची मिस्सा, आणि ख्रिस्तप्रसादाची वेळ येते आठ वाजून दहा मिनिटांनी. तासाला पंधरा मिनिटे कमी पडतात. "मग थोडं लवकर उठावं," आम्ही भोळेपणाने म्हणालो. ती हसली. "उठते की कधी कधी. पण मग पुढचं सगळंच मागेपुढे होतं. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, लोहाची त्यानंतर दोन तासांनी, मध्ये दर अडीच-तीन तासांनी खाणं. संध्याकाळच्या मिस्साला जावं तर तिथेही कुठला तरी घास आड येतोच."

यातला कायद्याचा भाग सोपा आहे, तो आधी सांगून टाकू. आमच्या आजीच्या काळी ख्रिस्तप्रसादाचा उपवास मध्यरात्रीपासून असे आणि पाण्याचा घोटही चालत नसे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पहाटे चूळ भरताना पाणी चुकून पोटात जाईल, या धास्तीने मुले तोंड धुवायलाच भीत. १९१७ च्या धर्मसंहितेत महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यापुरती थोडीशी सवलत होती: औषध किंवा पेय घेतल्यानंतरही त्याला आठवड्यातून एकदा-दोनदा ख्रिस्तप्रसाद घेता येई. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी साध्या पाण्याने उपवास मोडत नाही असे जाहीर केले. १९५७ साली त्यांनीच मध्यरात्रीची अट काढून अन्नासाठी तीन तास व मद्य नसलेल्या पेयासाठी एक तास अशी मर्यादा घातली. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती सर्वांसाठी एका तासावर आणली, आणि तो तास मिस्सा सुरू होण्यापूर्वीचा नव्हे, तर ख्रिस्तप्रसादापूर्वीचा मोजायचा. १९७३ साली आजारी व वृद्धांसाठी पाव तास पुरेसा मानला गेला. त्या आदेशात आजारी माणूस अंथरुणाला खिळलेलाच असला पाहिजे असे नाही, हेही स्पष्ट केलेले आहे. आणि आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मसंहितेचे ९१९ वे कलम तर याहून उदार आहे. पाणी आणि औषध यांनी कोणाचाच उपवास मोडत नाही; आणि वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांनी तासाच्या आत काही खाल्ले असले तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. शुश्रूषा करणारेसुद्धा! रात्रभर जागून पहाटे उभ्या उभ्या चहा-पाव खाणारी सून कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती, याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

ही भगिनी बाजारहाट करते, नोकरीवर जाते, मग ती आजारी कशी, असे कोणी विचारील. ज्याला जन्मभर ठरल्या वेळी खाऊन गोळ्या घेतल्यावाचून धडपणे जगता येत नाही तो चालता-फिरता असला तरी या कलमाबाहेरचा नाही, असे आम्हांला वाटते. तरीही आमचे वाटणे पुरेसे नाही म्हणून आम्ही तिला फादरांकडे पाठवले. त्यांनी एका वाक्यात तिचा संशय फेडला.

मग तिने हे आधीच का विचारले नाही? खरा प्रश्न हा आहे. आम्ही तिला तोही विचारला. थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "ज्या खाण्यापायी माझी ही गत झाली, त्याच खाण्यासाठी देवाच्या दारात आणखी सवलत कशी मागायची?"

या उत्तराने आम्ही खजील झालो. कारण ही भाषा तिला शिकवणाऱ्यांत आम्हीही होतो. तिच्या शस्त्रक्रियेची बातमी कळली त्या संध्याकाळी एका घरी आम्ही चार जण बसलो होतो. 'थोडं तोंड आवरलं असतं तर पोट कापायची वेळ आली नसती,' असे कोणी तरी म्हणाले. 'सोपा मार्ग घेतला,' असे आम्ही म्हणालो. त्या वेळी आमच्या हातात केकची बशी होती, आणि त्या बशीकडे आमचे लक्ष गेले नाही.

सोपा मार्ग म्हणजे काय, हे आम्ही नंतर समजून घेतले. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढून टाकला जाई त्या रुग्णांचे वजन उतरते, हे शल्यविशारदांच्या पूर्वीच ध्यानात आले होते. त्या निरीक्षणावरून १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी स्थूलतेसाठी जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया सुरू केली. आज या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दुसरा प्रकार 'स्लीव्ह'चा. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. आमच्या भगिनीचा बायपास आहे.

परंतु पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, ही अर्धीच हकीकत झाली. भूक ही निव्वळ रिकाम्या पोटाची हाक नाही. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठरात तयार होते आणि मेंदूला भुकेचा निरोप देते. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्याच्या रक्तात ते वाढते. म्हणजे माणूस जितका नेटाने कमी खातो तितके त्याचे शरीर त्याला अधिक नेटाने ताटाकडे ओढते. स्लीव्हमध्ये ते तयार करणारा बराचसा भागच निघून जातो. बायपासमध्ये अन्न आतड्यात लवकर उतरत असल्याने पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके वाढतात. ज्याला आम्ही जिभेचा चोचलेपणा म्हणून नावे ठेवीत होतो त्याचा केवढा तरी भाग रक्तात वाहणारा एक निरोप होता. सगळाच होता असे आमचे म्हणणे नाही. माणसाची इच्छाशक्ती खोटी नाही आणि केकची बशीही खोटी नाही. पण दुसऱ्याच्या शरीरात हा निरोप किती जोराने ऐकू येतो, हे बाहेरून ऐकण्याचे साधन आमच्याजवळ नव्हते, तरी निकाल मात्र आम्ही देऊन टाकला होता.

खादाडपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक. त्याची फोड संत ग्रेगरी महान यांनी सहाव्या शतकात केली: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास, नको तितक्या नजाकतीने रांधून घेणे, फार खाणे आणि अधाशीपणे खाणे. संत थॉमस अक्वायनस यांनी हीच वाटणी पुढे चालवली. या पाच प्रकारांत वजनाचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सडपातळ माणसालाही त्यातले चार प्रकार सहज साधतात. दोष पदार्थात नसून वासनेत आहे, हे ग्रेगरी एसावाच्या डाळीचे उदाहरण देऊन सांगतात. साध्या डाळीपायी त्याने ज्येष्ठपुत्राचा हक्क घालवला.

आणि याच ग्रेगरींची एक आठवण त्यांच्या 'संवाद' या ग्रंथात आहे. ते मठात असताना त्यांना असा आजार जडला की, वारंवार काही खाल्ल्यावाचून जीव कासावीस होऊन मूर्च्छा येई. पुनरुत्थानाचा सण जवळ आलेला. पवित्र शनिवारी लहान मुलेसुद्धा उपास करीत आणि यांना तो करता येईना. आजारापेक्षा या दुःखानेच आपण अधिक खचलो, असे ते लिहितात. खादाडपणाची पाच कलमे लिहिणारा हा महापुरुष एके काळी आमच्या भगिनीसारखाच घड्याळी घास खाणारा होता आणि तिच्यासारखाच त्याबद्दल लाजत होता! पुढे एल्युथेरियस नावाच्या एका साधुपुरुषाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि त्या दिवशी त्यांना उपवास निभावता आला. आमच्या भगिनीच्या बाबतीत असे काही घडणार नाही, आणि घडावे अशी प्रार्थना आम्ही करणार नाही. तिच्या औषधांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी असती आणि भस्म बुधवारी ती घेऊन ती उपाशी राहिली असती, तर रक्तातली साखर घातक पातळीपर्यंत खाली आली असती. आजाऱ्याला उपवास बंधनकारक नाही, हे आपले नीतिशास्त्र फार पूर्वीपासून सांगत आले आहे. शिवाय भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी आपण एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा किंचित खाणे घेऊन उपवास केला असे म्हणतो. त्या किंचित खाण्याएवढे तिचे नाताळचे जेवण असते.

संत ऑगस्टिन 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात सांगतात की, अन्न औषधासारखे घ्यावे असे देवाने आपल्याला शिकवले. पण भुकेकडून तृप्तीकडे जाताना वाटेत सुख दबा धरून बसलेले असते, आणि प्रकृतीला जेवढे पुरते तेवढे त्या सुखाला पुरत नाही. हे वाचताना आम्हांला एक विचित्र विचार सुचला. ऑगस्टिन ज्या अवस्थेसाठी झुरत होते ती आमच्या भगिनीला शल्यविशारदाने दोन तासांत मिळवून दिली. ती अन्न खरोखरच औषधासारखे घेते. मग तिला संयमाचा सद्गुण प्राप्त झाला काय? अलीकडे भूक मंदावणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनेही आली आहेत. तेव्हा हा प्रश्न आता एकट्या तिचा राहिलेला नाही. आमच्या मते, नाही. ओढ असताना आवरणे हा संयम. ओढच नसली तर आवरायचे काय? पण यावरून तिच्या वाट्याला काही साधना उरली नाही असे जे म्हणतात त्यांनी तिची सात वाजताची वाटी पाहावी. भूक नाही, वासाने कधी कधी उबळ येते, आणि तरी ठरलेली प्रथिने आणि गोळी पोटात गेलीच पाहिजेत. पूर्वी तिला न खाण्याचे कष्ट होते. आता खाण्याचे आहेत. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपलेल्या एलिया प्रवक्त्याला देवदूताने हलवून उठवले आणि खायला लावले. तो थोडे खाऊन पुन्हा निजला. देवदूताने पुन्हा उठवले. त्याला भूक होती असे शास्त्रात कोठे म्हटलेले नाही. पुढची वाट लांबची आहे, एवढेच कारण त्याला सांगण्यात आले.

संत ऑगस्टिन यांच्याशी मात्र येथे आमचा थोडा नम्र मतभेद आहे. अन्न केवळ औषध झाले की काही तरी हरवते. अक्वायनस यांनी सुखाची जाणीवच नाकारणाऱ्या वृत्तीलाही दोष मानले आहे. प्रभू येशूला लोक खादाड म्हणून हिणवीत, इतका तो पंक्तीत रमणारा होता. आमच्या भगिनीने ती वृत्ती निवडलेली नाही. तिने जगणे निवडले आणि त्याच्या मोबदल्यात पंक्तीतला आनंद गमावला. ती याबद्दल तक्रार करीत नाही, पण एकदा सहज म्हणाली, "आईच्या हातच्या नेवरीची आठवण येते, भूक नाही येत."

आणि येथे आपला, म्हणजे पंक्तीत बसलेल्या बाकीच्यांचा, प्रश्न येतो. आग्रह हा आपल्या आतिथ्याचा प्राण आहे. 'एवढंसंच? घे गं आणखी!' असे म्हटल्यावाचून आपल्याला वाढल्यासारखे वाटत नाही. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात गोड पदार्थ थोडा जास्त गेला की तो धाडकन आतड्यात उतरतो. अर्ध्या तासाच्या आत घाम फुटतो, छातीत धडधडते, पोटात मुरडा येतो, आडवे व्हावे लागते. आपला आग्रह तिला पंगतीतून उठवून बिछान्यावर पाठवतो. दुसरा आग्रह याहून वाईट. गुडघा दुखतो म्हटले की शेजारीण मायेने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी पुढे करते आणि वर सांगते, 'दोन घास खाऊन घे, म्हणजे पोटाला लागणार नाही.' बायपास झालेल्याने ही औषधे टाळायची असतात. पिशवी आणि आतडे जिथे जोडलेले असते तिथे त्यांनी व्रण होतो, कधी रक्तस्राव होतो. आणि या गोळ्या रक्तावाटेही जठराचे संरक्षण कमी करीत असल्याने दोन घासांनी तो धोका टळत नाही. दुखण्यावर काय घ्यायचे ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचे. तसेच सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचे: बदललेल्या मार्गात त्या पुरत्या विरघळतील याची खात्री नसते, आणि त्या आपल्या मनाने कुटून घेणे तर घातकच. बी-१२ जीवनसत्त्व तिला गोळी किंवा इंजेक्शनाने जन्मभर घ्यावे लागेल. 'आता बारीक झालीस, बंद कर ती औषधं,' असे सांगणारे हितचिंतकही तिला भेटले आहेत. वजन उतरले की आजार संपला, अशी आपली समजूत असते.

याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभूने जवळ असलेल्यांना एक साधी गोष्ट सांगितली: तिला काही खायला द्या. लोक चमत्काराने थक्क झालेले. पोरीच्या पोटाची आठवण फक्त त्याला. आम्हांला हे वाक्य नेहमी आग्रहाच्या बाजूचे वाटत असे. आता वाटते, त्याने 'पोटभर' म्हटले नव्हते.

गेल्या महिन्यात एका बाप्तिस्म्याच्या जेवणाला आम्ही आणि ती एकाच टेबलाशी होतो. त्या आठवड्यापासून ती ख्रिस्तप्रसाद घेऊ लागली होती. जेवण वाढायला सुरुवात झाली तेव्हा तिने हळूच विचारले, "काका, दिवसातून सहा वेळा दोन-दोन चमचे खाते. जेवणाची प्रार्थना सहाही वेळा म्हणायची का? हे जेवण आहे की औषध?" आम्हांला उत्तर सुचेना. तिने पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, तिच्यात शिजवलेल्या डाळीचे चार चमचे आणि कागदात गुंडाळलेली गोळी. डबी समोर ठेवून तिने क्रूसाची खूण केली. वाढणारी मुलगी इंद्यालाचे भांडे घेऊन तिच्यापाशी आली होती. ती थांबली, तिची प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिली, आणि काही न बोलता भांडे घेऊन पुढच्या ताटाकडे गेली.